पातळ आणि नितळ

अनुवादातल्या चुका माझ्या हातून पुष्कळ झाल्या. बऱ्याचशा छापूनही आल्या आणि कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. एक मात्र कुठंही छापली गेली नव्हती. वहीच्या पानावर, माझ्याच अक्षरात होती. तिच्यापायी बाबांना एकच तपासणी दोनदा सोसावी लागली.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही आवडीला राहतो. बाबा सांगलीहून पहिल्यांदा आले तेव्हा स्टेशनावरची पाटी वाचून म्हणाले, "म्हणजे १९५५ च्या काँग्रेस अधिवेशनाची आवडी! समाजवादी समाजरचनेचा ठराव इथलाच." नेहरूंच्या काळातलं त्यांना सगळं आठवतं. स्वतःला दोन वर्षं शौचावाटे रक्त जातंय, हे मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला ते न्हाणीघरात दिसलं. "मूळव्याध आहे गं, जुनीच," म्हणाले. डॉक्टर म्हणाले, असेलही, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी नुसतं गृहीत धरू नये, कोलोनोस्कोपी करू.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. टोकाला कॅमेरा असलेली लवचीक नळी गुदद्वारातून त्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन आतली भिंत पाहायची, एवढीच ही तपासणी. पण भिंत दिसायला आतडं रिकामं लागतं, आणि ते काम डॉक्टरचं नसतं, रोग्याचं असतं. सूचनांचा कागद एका बाजूला तमिळ, दुसऱ्या बाजूला इंग्रजी होता. बाबांसाठी मी तो मराठीत उतरवला. आदल्या दिवशी फक्त 'क्लिअर लिक्विड्स' घ्यावीत, असं त्यात होतं. मी लिहिलं : फक्त पातळ पदार्थ.

त्या दिवशी मी कामासाठी शहरात गेले होते. बाबांनी पानाबरहुकूम केलं. सकाळी भाताची पेज, दुपारी ताक, चार वाजता दुधाचा चहा. सगळं पातळच. रात्रीचं आणि पहाटेचं औषधही नेमानं प्यायले. सकाळी मी विचारलं, "साफ झालं ना बाबा?" "झालं," म्हणाले. मुलीला याहून अधिक काय सांगणार, आणि मीही याहून अधिक विचारलं नाही.

दवाखान्यात नर्सनं तमिळमध्ये विचारलं, मलम तण्णीसारखं जातंय का? तण्णी म्हणजे पाणी, हे बाबांना ठाऊक झालं होतं. मलम ऐकून ते पायाच्या जुन्या जखमेकडे पाहू लागले. आपला मलम फारसी मरहमातून आलेला, त्यांचा संस्कृत मलातून. मी हसले. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आत गढूळ आहे, उजवीकडचं काहीच दिसत नाही, पुन्हा करावं लागेल. मग मी हसले नाही.

घरी येऊन पान फाडलं. पातळ नव्हे, नितळ. पेला उजेडात धरला तर पलीकडचं दिसलं पाहिजे : शहाळ्याचं पाणी, गाळलेलं सफरचंदाचं सरबत, बिनदुधाचा चहा. तांबडं काही नाही, कारण ते आत रक्तासारखं दिसतं. ताक नाही, दूध नाही, पेज नाही. त्याआधीचे दोन-तीन दिवस पालेभाजी, पेरू, तीळ, शेवगा बंद. सांगलीच्या माणसासाठी मी मुद्दाम शेंगदाण्याचं कूट जोडलं, ते कुठल्याच छापील कागदावर नव्हतं. लोहाची गोळी आठवडाभर आधी थांबवायची. रक्त पातळ करणारी आणि मधुमेहाची औषधं मात्र आपल्या मनानं थांबवायची नाहीत आणि चालूही ठेवायची नाहीत, डॉक्टर सांगतील तसं. औषधाचा अर्धा भाग आदल्या संध्याकाळी, अर्धा पहाटे, गार करून, सावकाश. शेवटी शौचाला पिवळसर नितळ पाणी पडलं पाहिजे. गढूळ असेल तर लाजायचं नाही, निघण्यापूर्वी फोन करून सांगायचं. आणि लोकलनं जायचं नाही, तिला शौचालय नसतं.

दुसऱ्या खेपेला बाबांनी मला न्हाणीघराच्या दाराशी बोलावलं आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "बघ बाई, नितळ आहे का ते." आम्हां दोघांच्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड वाक्य असावं.

रक्त मूळव्याधीचंच होतं. बाबांचं खरं ठरलं. पण आतड्याच्या उजव्या भागात, जिथवर पहिल्यांदा काही दिसलंच नव्हतं, एक कोंब होता. तो तिथल्या तिथे तारेच्या फासानं काढला. पोट न उघडता असा कोंब काढण्याचा मार्ग न्यूयॉर्कमध्ये वुल्फ आणि शिन्या या डॉक्टरांनी १९६९ च्या सुमारास दाखवला, तेव्हा बाबा कॉलेजात होते. आठवड्यानं अहवाल आला : कर्करोग नाही, पण काही वर्षांत होऊ शकला असता अशा जातीचा.

गुंगीच्या औषधामुळे बाबा परतीच्या वाटेवर एकच गोष्ट तीनदा विचारत होते. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठं सही करायची नाही. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचा कागद मी दुसऱ्या दिवसापर्यंत लपवून ठेवला. पोटात वारा धरतो, चाललं की सुटतो. थोडं रक्त दिसलं तर घाबरायचं नाही. पण फार रक्त, ताप किंवा वाढत जाणारी पोटदुखी असेल, तर रात्रीसुद्धा दवाखाना गाठायचा. कोंब काढल्यावर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो.

बाबा परत गेले तेव्हा ते पान बरोबर घेऊन गेले. शेजारच्या एकांना हीच तपासणी सांगितली आहे. परवा फोनवर म्हणाले, "तुझं भाषांतर जरा सुधारलं. 'शौचाला' खोडून 'परसाकडला' केलं. तुझं त्यांना कळलं नसतं."

मी म्हटलं, "आणि नितळ?"

"ते राहू दिलं. त्याच्याखाली दोन रेघा मारल्या."