फॅट, डिग्री आणि आत्याबाई

दुधात पाणी घालतात हे शहरातल्या माणसाला ठाऊक असतं. पण गाईच्या निर्भेळ दुधातसुद्धा शंभरातले जवळजवळ 87 भाग पाणीच असतं आणि पैसे मिळतात ते उरलेल्या 13 भागांचे, हे मला वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला नांदायला आल्यावर कळलं. मी अकोल्याची. माहेरी दूध म्हणजे पिशवी. इथे दावणीला दोन संकरित गाई आणि एक म्हैस. मामाजींचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, गुडघे धरले आणि सकाळी दूध संकलन केंद्रावर कॅन पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

केंद्रावर दूध मोजतात, ढवळतात, चमचाभर नमुना मशीनखाली धरतात आणि चिठ्ठी निघते. लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरणारे घन घटक), दर, रक्कम. भिंतीवर दरपत्रक, त्यात आडवे-उभे इतके आकडे की शाळेतले पाढे बरे वाटावेत. गाईच्या दुधाला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून दर ठरतो, पॉइंट घसरला की पैसे कापतात. म्हशीचं कोष्टक वेगळं. जुने लोक एसएनएफ म्हणत नाहीत, ‘डिग्री’ म्हणतात, कारण पूर्वी लॅक्टोमीटर दुधात सोडून आकडा बघायचे. मला दोन्ही शब्द सारखेच अनोळखी.

आमचं दूध जास्त आणि दर मात्र पुढच्या माणसापेक्षा कमी! मी दूध संस्थेच्या सचिवांना विचारलं, ‘भाऊ, मशीन बरोबर आहे ना?’ रांगेतले हसले. सचिव म्हणाले, ‘मशीन बराबर हाये वहिनी. धार कोन काढते ते सांगा.’

याचा अर्थ लागायला मला गोठ्यात बसावं लागलं. सडातून सुरुवातीला येणारं दूध पातळ असतं, सगळ्यात जास्त फॅट शेवटच्या धारांत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या शेवटच्या धारा वासरासाठी सोडत, त्यातून उरलं तर घरच्या दह्याला. म्हणजे मलई घरात आणि चिठ्ठीवर उरलेलं. मी मोठ्या उत्साहानं त्यांना हे शास्त्र सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘मंग वासराले काय पानी पाजू?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. कालवड नीट वाढली नाही तर तीन वर्षांनी दावणीला काय बांधणार? दरपत्रकात त्याचा रकाना नसतो.

मग कळलं की संध्याकाळच्या दुधाला फॅट जास्त लागते, कारण सकाळच्या धारेनंतर मध्ये तास कमी जातात. पावसाळ्यात हिरवं खाऊन दूध वाढतं आणि फॅट उतरते. कोरडी वैरण पोटात गेली की फॅट चढते. आणि इथेच आमच्या भागाची गाठ बसली आहे. वाशीम जिल्हा सोयाबीनचा. ज्वारी होती तेव्हा दारात कडब्याच्या गंज्या होत्या, मामाजी अजून त्या हातानं दाखवतात, एवढी उंच म्हणून. ज्वारी गेली, कडबा गेला. आता हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, सोयाबीन निघालं की मागे उरतं ते कुटार. जनावर खातं, पण नुसत्या कुटारावर संकरित गाय दूध देत नाही. वर सरकीची ढेप लागते आणि ती विकतची. तिकडे कोल्हापुरात गोकुळ दूध संघ 1963 मध्ये उभा राहिला. त्यांच्याकडे पाणी आहे, ऊस आहे, उसाचं वाढं आहे. गुजरातेतल्या आणंदचा दूध संघ तर 1946 पासून चालू. त्यांच्या यशाच्या गोष्टी आम्हाला सभांमध्ये ऐकवतात. वैरणीबद्दल मात्र कुणी फार बोलत नाही.

तरी लोक दूध का घालतात? सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो. 2024 साली हमीभाव 4892 रुपये होता आणि बाजारात त्याहून कमीनं विकलं गेलं. दुधाचा चुकारा थोडका असला तरी महिन्यातून दोन-तीनदा खात्यात येतो. आमच्या घरात किराणा त्यावर चालतो. खासगी गाडीवाला उन्हाळ्यात, दूध कमी असतं त्या कृश काळात, दोन रुपये चढे देतो. हिवाळ्यात दूध वाढलं की त्याची गाडी वेळेवर येत नाही. संस्थेनं मात्र सभासदाचं दूध तेव्हाही घ्यायचं असतं. सहकाराबद्दल मी ऐकलेल्या भाषणांपेक्षा मला हे जास्त पटलं.

सरकारनं 2024 च्या जानेवारीत गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान सुरू केलं. त्यासाठी गाईच्या कानात 12 आकडी बिल्ला हवा होता आणि तो नंबर ऑनलाइन चढलेला हवा होता. आमच्या एका गाईनं बिल्ला खुंट्याला घासून पाडला होता. मग डॉक्टर, नवा बिल्ला, नवी नोंद. शेजारून समृद्धी महामार्ग जातो, 2022 च्या डिसेंबरपासून त्यावर गाड्या सुसाट आहेत. गाय मात्र नोंदणीच्या रांगेत उभी होती.

त्या नोंदणीच्या वेळी सगळी कागदपत्रं माझ्या हातात आली. सभासद मामाजी, खातं मामाजींचं. पहाटे उठणं, शेण, कुटार, पाणी, धार हे सगळं आत्याबाईंचं. संस्थेत गाई कितीही असोत, सभासदाला मत एकच, आणि आमच्या घरचं ते मत गोठ्यात क्वचित जाणाऱ्या माणसाकडे. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्याआधी मी सचिवांकडून सभासदत्वाचा अर्ज आणला आणि आत्याबाईंना सही करायला लावली.

अर्ज पुढच्या बैठकीत संचालकांसमोर जाईल. मामाजींना हे पटलंय की नाही, ते सांगत नाहीत. आत्याबाईंनी मात्र ढेपेचं पोतं कोणत्या दुकानातून आणायचं, ते आतापासूनच बदललंय.