निळा घरजावई

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाकडे निघालं की एका आमराईत, पाहुण्यांच्या खोल्यांमागे यांचा मुक्काम आहे. लांबी 40 फूट, रुंदी 20, खोली 3 ते 5. पोटात सुमारे 90 हजार लिटर पाणी. पाटीवर ‘जलतरण तलाव’ असं भारदस्त नाव असलं, तरी देखभाल करणारे काका त्यांना ‘जावईबापू’ म्हणतात. एप्रिल-मे म्हणजे यांचा दरसालचा अधिक महिना. पोरांचा गलका, पाहुण्यांची वाहवा, नुसता थाट.

तुळशीचं लग्न लागलं की थाट उतरतो. घाटावरून गारठा खाली येतो आणि पाण्यात कुणी पायही घालत नाही. गारठ्यात माणसं महाडजवळच्या सवला जातात, तिथले गरम पाण्याचे झरे बघायला. जावईबापू इथे एकटेच आभाळाकडे बघत पडून राहतात. पण कुणी विचारत नाही म्हणून हा माणूस घर सोडत नाही, आणि त्याचं पथ्यपाणीही चुकत नाही.

थंड मुलखात हिवाळ्यात तलाव झाकून बंद करतात. ते वाचून एका वर्षी मालकांनी पंप बंद करून टाकला. पण आपली थंडी रात्रीपुरती. दुपारी पारा तिशीला टेकतो आणि शेवाळाला तेवढं ऊन पुरतं. पंधरा दिवसांत भिंती बुळबुळीत झाल्या, कोपऱ्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. तेव्हापासून थंडीतही पंप रोज चार तास चालतो. उन्हाळ्यात आठ तास लागतात, त्याच्या निम्म्यातच हे भागवून घेतात.

खाण्याच्या बाबतीत हिवाळ्यात ते खरंच शहाणे. पाणी गार, पोहणारे नाहीत, म्हणून क्लोरिन कमी लागतो. काका दर दोन-तीन दिवसांनी तपासणीची डबी काढतात. एका नळीत पाणी पिवळं होतं, तो क्लोरिन. दुसऱ्या नळीत पिवळ्यापासून लालपर्यंत रंग येतो, तो पीएच. क्लोरिन 1 ते 3 पीपीएम आणि पीएच 7.2 ते 7.8 मध्ये असला की तब्येत ठीक. पीएच 8 वर गेला तर घातलेल्या क्लोरिनचा जेमतेम पाव हिस्सा कामाला येतो. बाकीचा नुसता नावाला. अशा वेळी पावडर वाढवत बसण्यापेक्षा आधी पीएच खाली आणावा. ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर एवढ्या पाण्यात 1 पीपीएम वाढवायला पाव किलोहून थोडी जास्त लागते. गेल्या वर्षीची, ओल लागलेली असेल तर हिशोब सोडूनच द्या.

ऊन मात्र यांचा जुना वैरी. भर दुपारी साधा क्लोरिन तासाभरात निम्मा उडतो. म्हणून टॅब्लेट वापरतात, त्यात उन्हापासून राखणारं सायन्युरिक आम्ल असतं. ते 30 ते 50 पीपीएम असावं. पण ते साठत जातं, उडून जात नाही, आणि फार झालं की क्लोरिनलाच जखडून ठेवतं. मग थोडं पाणी बदलण्याखेरीज उपाय नाही.

सगळं पाणी मात्र काढू नये. पावसाळ्यानंतर इथली जमीन पाण्याने फुगलेली असते आणि रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते, तडकते. जावईबापूंना पोट भरलेलंच हवं.

रागही आहेच. बोअरच्या पाण्यात लोह असेल आणि त्यात एकदम पावडर ओतली, तर तासाभरात पाणी चहासारखं तांबूस होतं. पौष-माघात आंब्याचा मोहोर झडतो, पुढे डोंगरावरच्या राबाची राख वाऱ्यावर येते, आणि दोन्ही क्लोरिन खातात किंवा पीएच बिघडवतात. काका तेव्हा रोज जाळी फिरवतात. मोहोराचा राग धरायचा नाही, असं ते म्हणतात. मलाही पटतं, आमराईत राहायचं तर हे सोसावंच.

पीएच खाली आणणारं अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर म्हणजे सख्ख्या सवती. दोघी एका बादलीत आल्या की विषारी वायू उठतो. काकांनी दोघींना वेगवेगळ्या खोल्या दिल्या आहेत. अॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अॅसिडमध्ये कधीच नाही, हे त्यांनी नातवालाही शिकवलंय.

होळीनंतर पहिली गाडी येईल, पोरं कपडे काढत धावतील. त्यांना क्षणभर थांबवा. खोल बाजूच्या तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसत नसेल, तर एकालाही पाण्यात सोडू नका.