जोडतारांवरची नखी

मेंडोलिनला तारा आठ, परंतु सूर चार. प्रत्येक सुराला दोन तारा. पन्नाशीनंतर अंगठ्याचा सांधा आखडू लागला, तेव्हा वसतिगृहातील मुलांसमवेत आम्ही या जोड्यांकडे नव्याने वळलो. नखी घट्ट धरली की पहिल्याच तारेशी अडखळते, आवाज रोड निघतो. सैल, किंचित तिरपी धरून मनगट हलवले, तर दोन्ही तारा एकत्र बोलतात. परतीच्या आघातात मात्र ती बहुधा एकाच तारेला स्पर्शून निसटते. म्हणून उलटसुलट आघात अतिसंथ लयीत घोटावा लागतो. पोलादी तारेचा नाद लवकर विरतो, लांब स्वर त्याच आघातांच्या द्रुत कंपाने तगतो. यू. श्रीनिवास यांनी एकेरी तारांचे विद्युत मेंडोलिन पत्करले. आमच्या मुलांना जोडीच हवी. सांधा दुखू लागला की आम्ही वाद्य सातवीतल्या एका मुलीकडे देतो. तिचा परतीचा आघात आमच्याहून स्वच्छ उमटतो.