अंश आणि छेद

कबुली द्यायची तर पूर्ण द्यावी. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षी पीएसएमसाठी, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाच्या विषयासाठी, प्रत्येकाला एक कुटुंब नेमून दिलं होतं. वर्षभर त्या घरी जायचं, वजनं-उंची घ्यायची, पाणी कुठून आणतात, चूल आहे की गॅस, पोरांच्या लसी झाल्या का, सगळं जर्नलमध्ये लिहायचं. मी दोनदा गेलो. बाकीच्या भेटी होस्टेलच्या खाटेवर बसून भरल्या. खरं वाटावं म्हणून आजीचं वजन दर महिन्याला अर्धा किलो इकडे-तिकडे केलं. जर्नलला चांगले गुण पडले.

मला तो विषय डॉक्टरकीचा वाटतच नव्हता. मेडिसिन, सर्जरी ही खरी विद्या. पीएसएम म्हणजे संडासाची मापं, शोषखड्डे आणि ‘पार्क’चं जाडजूड पुस्तक. सरांनी एकदा जॉन स्नोची गोष्ट सांगितली. १८५४ची लंडनमधली कॉलऱ्याची साथ आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा काढून घेतलेला दांडा. गोष्ट आवडली. मग सर फळ्यावर कोष्टक काढायला वळले आणि मी मागच्या दाराने कँटीनला गेलो.

इंटर्नशिपमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. पहिल्या पावसानंतर गॅस्ट्रोची साथ आली. तीन दिवस सलाईन लावत होतो, आणि खरं सांगायचं तर मजेत होतो. आपण जीव वाचवतोय ही भावना झिंग आणते. पंचवीस पेशंटपैकी सोळा मोठ्या गावातले, नऊ वाडीवरचे. मी ऐटीत सांगून टाकलं, “गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाका, दोष तिथेच आहे.”

आमचे आरोग्यसेवक निवृत्तीला आले होते. त्यांनी वही उघडली. “डॉक्टर, गावात आठशे माणसं आहेत. वाडीवर साठ.”

एवढंच बोलले. हिशेब माझा मलाच करावा लागला. गावात शंभरात दोन, वाडीवर शंभरात पंधरा. मग त्यांनी सोळाजणांची नावं वाचली. बहुतेकांची शेतं वाडीच्या विहिरीला लागून; पेरणीच्या दिवसांत पाणी तिथलंच प्यायचे. संध्याकाळी आम्ही त्या विहिरीवर गेलो. ओटी टेस्टला पाणी जराही पिवळं झालं नाही. क्लोरीनचा मागमूस नव्हता.

खाटेवर येतो तो फक्त अंश. न आलेली माणसं छेदात असतात, आणि छेद दवाखान्यात बसून दिसत नाही. माझी सलाईनं खोटी नव्हती. त्या पंचवीसजणांना ती हवीच होती. पण सव्विसावा कुठून येणार, हे सलाईन लावणाऱ्याला कळत नव्हतं. वहीवाल्याला कळलं.

त्या रात्री चुकवलेलं कोष्टक शोधून वाचलं. दक्षिण लंडनमध्ये एकाच गल्लीतल्या शेजारशेजारच्या घरांना दोन वेगळ्या कंपन्यांचं पाणी यायचं. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी थेम्सचं शहरातलं मैलामिश्रित पाणी घ्यायची. लॅम्बेथ कंपनीने उपसा वरच्या अंगाला, स्वच्छ पाण्यात हलवला होता. कुणाकडे कोणतं पाणी, हे स्नोने घरोघर विचारत शोधलं. पहिल्या कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीच्या ३७. कॉखने कॉलऱ्याचा जंतू दाखवायला अजून जवळपास तीस वर्षं होती. स्नो स्वतः भूल देणारा नामवंत डॉक्टर. व्हिक्टोरिया राणीला बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिलेला. तरी तो दारं ठोठावत हिंडला. मला एक घर जड झालं होतं.

यानंतर मी पीएसएममध्ये एमडी केलं, असं लिहिता आलं असतं तर शेवट गोड झाला असता. नाही केलं. मेडिसिन घेतलं, पैसा आणि मान दोन्ही तिकडे होते. एवढंच बदललं, की एकाच वस्तीतून तापाचे तीन पेशंट आले की मी विचारतो, “तिकडे घरं किती?” पेशंट गोंधळतात. डॉक्टरला घरं कशाला हवीत?

तेव्हा ती आजी आठवते. छेद तिच्यासारख्यांचाच बनतो, एकेका दारात जाऊन. तिला मी खाटेवर बसून वर्षभर जाड-बारीक करत राहिलो, आणि ती त्या वर्षी खरंच कशी होती, ते आता कुठल्याच वहीत नाही.