पाणी पाहायला

पाणी भरायला जावे, पाण्यावर धुणे न्यावे, शेताला पाणी द्यायला जावे. पण पैसे मोजून नुसते पाणी पाहायला जावे, हे आमच्या परभणीकडच्या माणसाला पटणे कठीण. आमच्या गावाचे नाव झरी. नावात पाणी आहे; उन्हाळ्यात ते घागरीतही असेलच, असा भरवसा मात्र नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणले, तेव्हा माझ्या पाच वर्षांच्या लेकीने विचारले होते, "आई, पाण्याला तिकीट लागतं का?"

तीच लेक यंदा म्हणाली, "आई, उष्ण कटिबंधातल्या एखाद्या देशात जाऊ आणि समुद्राच्या तळाशी उतरू." तिच्या डोळ्यांपुढे थायलंड होते. मी पडले शाळामास्तरीण. पृथ्वीचा गोल पुढे ओढला. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, आपली झरी १९ अंशांच्या आसपास. म्हटले, "अगं, त्याच कटिबंधात बसून मी रोज भाकरी थापते!" अशा रीतीने थायलंडचे मालवण झाले.

मग बेत सुरू झाला. पावसाळ्यात तिथला समुद्र खवळलेला, म्हणून दिवाळीची सुट्टी धरली. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, कोकण रेल्वेने कुडाळ, पुढे एसटीने मालवण. जवळच तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे पाणबुडी विद्या शिकवणारे केंद्र आहे. लेकीने एक वही केली नि तीत नियम उतरवले. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही; रोखून वर आले, तर छातीतली हवा फुगून फुप्फुसाला इजा होते. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हळू फुंकायचे. दमा किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचे. आणि अंगठा वर करायचा नाही! तिथे त्याचा अर्थ 'छान' नव्हे, 'वर चला' असा आहे. छान म्हणायचे, तर अंगठा नि तर्जनी जुळवून गोल दाखवायचा.

१९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी श्वासाला लागेल तेवढीच हवा नळकांड्यातून सोडणारी झडप बनवली. लागेल तेवढेच घ्यायचे, हे शास्त्र आम्हा झरीकरांना कोणी शिकवायला नको.

तुम्ही म्हणाल, मग अडले कुठे? अडले दोन ठिकाणी. कादंबरीचे मानधन मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसाठी बाजूला ठेवले होते. टाकी सोडून समुद्र घ्यायचा? हे म्हणाले, "टाकी पुढच्या साली बघू. पुढच्या साली पोरगी दहावीत." दुसरी अडचण आत्याबाईंची. त्या म्हणाल्या, "अगं माय, जन्मभर डोक्यावर घागर वाहिली, ते कमी झालं का? आता सगळा समुद्रच डोक्यावर घ्यायलीस? पोहायला तरी येतं का तुला?"

नाही येत. आमच्या लहानपणी मुलांना पाठीला भोपळा बांधून विहिरीत सोडत आणि मुलींच्या हाती पोहरा देत. पाणी आम्ही कायम वरून पाहिले. काठावर वाकून, किती खाली गेले ते मोजत. त्या मोजण्यातच चाळिशी उलटली. पहिल्या बुडीला शिकवणारा सोबत असतो, तिथे पोहता आलेच पाहिजे असे नाही, हे कळले आणि लेकीच्या नावाखाली मी गुपचूप माझेही नाव लिहिले.

आत्याबाईंना मी सिंधुदुर्गाची गोष्ट सांगितली. महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला. चारी बाजूंनी खारट समुद्र, नि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. म्हातारी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "समुद्रात गोडं पाणी? खरं सांगायलीस?"

"खरंच."

"मग माझंबी तिकीट काढ. तुम्ही मायलेकी खुशाल बुडा. मी आपली बावेपाशी बसते."

वहीत आता तीन नावे आहेत. दोघी पाण्यात, एक काठावर.