लालबागेच्या भुईखालचे पाणी

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले म्हणजे सावदा, निंभोरा, रावेर ही खानदेशची स्थानके एकामागून एक मागे पडतात. दोन्ही अंगांना केळीच्या बागा डोलत असतात. पुढे महाराष्ट्राची सीमा संपते आणि बऱ्हाणपूर येते. शहर ताप्तीच्या काठी; स्थानक मात्र तेथून सुमारे तीन किलोमीटर दूर, लालबाग नावाच्या वस्तीत आहे. गाडीतून उतरलेला प्रवासी रिक्षा करून तडक शहराकडे निघतो. आपण, वाचकहो, तशी घाई करू नये. कारण या गावाचे खरे धन लालबागेच्या परिसरातच, भुईखाली आहे.

बऱ्हाणपूर सन 1400 च्या सुमारास नासिरखान फारुकीने वसविले. ज्यांची कबर वेरूळजवळील खुलताबादेस आहे, त्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याने गावाला दिले. 1601 साली अकबराने जवळचा अशीरगड घेतला आणि खानदेश मोगलांकडे गेला. त्या मोहिमेत, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या कुळातील फादर जेरोम झेवियर हे बादशहाच्या छावणीत होते. 1615 साली इंग्रज वकील सर टॉमस रो येथे शहाजादा परवेझला भेटला. 1631 च्या जून महिन्यात याच गावी बाळंतपणात मुमताजमहलचा अंत झाला. ताप्तीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला प्रथम पुरले; सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेला. 1681 साली संभाजी महाराजांच्या फौजेने ही संपन्न पेठ लुटली.

पेठेची ती संपन्नता विणकरांच्या हातची होती. जरीच्या किनारीचे येथील तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जाई. 1906 साली लालबागेत ताप्ती मिल उभी राहिली. आज शहरात यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. पाहुण्याने जामा मशिदीतील अरबी आणि संस्कृत असे दोन्ही भाषांतील शिलालेख पाहावेत, नदीकाठच्या शाही किल्ल्यातील हमामाचे रंगीत छत पाहावे आणि बाजारात गरम मावा जिलबी खाऊन परतावे.

परंतु एवढ्या मोठ्या वस्तीला आणि फौजेला पाणी कोठून मिळे? याचे उत्तर देणारा ‘कुंडी भंडारा’ लालबागेजवळ आहे. अब्दुर्रहीम खानखानानच्या काळी, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने ही योजना आखली असे सांगतात. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि आतल्या आत ताप्तीकडे सरकतो. त्या झऱ्यांना वाटेतच अडवून, भुयारातून हळूहळू उतरत्या पातळीने ते गावाकडे आणले. भुयारावर शंभराहून अधिक कुंड्या, म्हणजे विहिरीसारखी तोंडे, ओळीने बांधली. त्यांतून आत हवा खेळते आणि माणसाला उतरून गाळ काढता येतो. ना मोट, ना रहाट. पाणी आपल्याच उताराने वाहते. औरंगाबादेची पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल, त्यांना ही युक्ती चटकन उमजेल.

असे एकंदर आठ भंडारे बांधले होते; त्यांपैकी सहाच उरले. ‘सुका भंडारा’ असे उलटे नाव मिरविणाऱ्या भंडाऱ्याने मोगलकाळी या लालबागेची झाडे जगविली. कुंडी भंडाऱ्यात आजही स्वच्छ पाणी वाहते. सुमारे ऐंशी फूट खाली उतरले म्हणजे भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले दिसतात. हे थर वाढत गेले की झऱ्यांची तोंडे बुजतात. मार्च 2024 मध्ये या स्थळाचे नाव युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आले, ही आनंदाची गोष्ट होय. पण यादीत नाव आल्याने झरा वाहत नाही. भुईखालचे पाणी डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बोअरवेल खणताना, डोंगर उघडा करताना, मोकळ्या जागेवर घरे बांधताना त्याची आठवण कोणाला होत नाही.

आपल्या वसईकडची बावखले आठवा. वाडवडिलांनी खणलेली गोड्या पाण्याची ती तळी किती ठिकाणी भरणी घालून बुजविली गेली! मग विहीर मचूळ झाली की आपण दोष देतो समुद्राला.

खानखानानची बाग आज पूर्वीची राहिली नाही आणि ताप्तीकाठचे महाल पडके झाले आहेत. पाणी मात्र चारशे वर्षे वाहत राहिले, कारण कोणीतरी वेळोवेळी कुंडीत उतरून गाळ काढला. बऱ्हाणपुरास जाल तेव्हा लालबागेत तासभर अवश्य थांबा, त्या कुंडीत डोकावा. आणि घरी परतल्यावर आपल्या वाडीतील विहिरीचा गाळ कधी काढला होता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.