आमची डीन

आमच्या घराण्यात ‘डीन’ हा शब्द पहिल्यांदा शिरला तो भाचीच्या नेमणुकीमुळे. डीन म्हटलं की आपल्याला एकच माहीत, मेडिकल कॉलेजचा. आणि त्याच्या मागोमाग आठवते ती त्याच्या चिठ्ठीवर मिळणारी खाट. त्यामुळे ती कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात डीन झाली हे कळताच निम्म्या नातेवाइकांचे गुडघे दुखू लागले. खुलासा झाला तेव्हा निराशा आणखी वाढली. तिच्या खात्यात वेल्डिंग, मोटारदुरुस्ती, नर्सिंग, स्वयंपाक, बालसंगोपन असले विषय शिकवतात. “म्हणजे आयटीआय!” आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, आणि ठरलेली सोयरीक मोडल्यासारख्या गप्प बसल्या.

हे दुःख एकट्या वहिनींचं नाही. अमेरिकेत १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यानं अशा शिक्षणाला केंद्र सरकारचे पैसे मिळू लागले, तेव्हा त्याला ‘व्होकेशनल’ म्हणत. होता होता त्या शब्दाला ‘ज्याला दुसरं काही जमत नाही त्याची सोय’ असा वास येऊ लागला. मग २००६ साली कायद्यातच नाव बदलून ‘करिअर अँड टेक्निकल एज्युकेशन’ केलं. शिपायाला परिचर म्हटल्यानं त्याच्या हातातल्या फायली काही हलक्या होत नाहीत, तसलाच हा प्रकार.

मी तिच्याकडे महिनाभर राहिलो, तेव्हा कॉलेजही पाहून आलो. कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ साली निघालेलं कॉलेज यातलं सर्वांत जुनं. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत. प्रवेशाला कट-ऑफ नाही! अकरावीच्या यादीत पोराचं नाव शोधून डोळे अधू करून घेतलेल्या बापाला हे वाक्य पुन्हा एकदा वाचावंसं वाटेल. एकाच बाकावर मिसरूड फुटलेला पोरगा आणि नातवंडं असलेली बाई शेजारी शेजारी बसलेली मी पाहिली.

“दार सगळ्यांना उघडं आहे. मग आणखी न्याय तो काय करायचा?” मी विचारलं.

“मामा, तू इतक्या पंगती जेवलास,” ती म्हणाली, “पान सगळ्यांनाच मांडलेलं असतं. पण जिलबी पहिल्या पानापासून निघते आणि शेवटच्या पानाला नुसता पाक मिळतो. मला त्या टोकाकडून वाढायला नेमलंय.”

जिलबी कुठवर पोचली हे पाहायला तिच्याकडे तक्ते असतात. पर्किन्स नावाचे केंटकीचे एक खासदार होते. ते १९८४ साली वारले आणि त्याच वर्षी या शिक्षणाच्या कायद्याला त्यांचं नाव दिलं. त्याच्या २०१८ च्या आवृत्तीप्रमाणे पैसे हवे असतील तर हिशेब द्यावा लागतो : कुठल्या वर्गात बायका किती, काळे किती, अपंग किती, एकट्यानं मूल वाढवणारे किती, आणि त्यातले तडीस किती गेले. ज्या कामात एका लिंगाची माणसं पंचवीस टक्क्यांहून कमी, ते काम त्यांच्यासाठी ‘अपारंपरिक’. या हिशेबानं स्वयंपाकघरात मी अपारंपरिक ठरतो. हिच्या मते पंचवीस टक्के हा आकडा माझ्या बाबतीत फारच उदार आहे.

पण तक्ता फक्त पाच बायका वेल्डिंग सोडून गेल्या एवढंच सांगतो. का गेल्या, ते भाची वर्कशॉपात जाऊन शोधते. तिथले हातमोजे एका मापाचे, पैलवानाच्या पंजाचे. ते घालून मला चष्मासुद्धा नीट करता येईना, तिथं त्या बायांनी लोखंड कसं सांधायचं? तिनं लहान मापाचे मोजे मागवले. मोटारदुरुस्तीच्या पोरांना स्वतःची हत्यारं आणावी लागत. त्यांची किंमत ऐकून पोरगं गॅरेजऐवजी पुन्हा पिझ्झा पोचवायला जाई. तिनं हत्यारांच्या पेट्या उसन्या द्यायला सुरुवात केली. बसभाडं, पाळणाघराचा खर्च, यांनाही पर्किन्सचा पैसा चालतो. डीन म्हणजे काही तरी भारदस्त काम असेल असं मला वाटत होतं. ही तर दिवसभर मापं आणि बसची वेळापत्रकं पाहत असते. गाऊन घालून भाषण करणाऱ्या पुष्कळ विद्वानांपेक्षा मला ते जास्त विद्वत्तेचं वाटलं.

नोकरी करणाऱ्या बायकांसाठी तिनं वेल्डिंगचा वर्ग रात्री ठेवला. मग त्यांच्या मुलांना कोण सांभाळणार? कॉलेजचंच पाळणाघर. आणि तिथं काम कोण करतं? बालसंगोपनाच्या वर्गातल्या मुली. म्हणजे एक बाई ठिणग्या उडवत चांगल्या पगाराकडे निघालेली, आणि तिचं पोर कडेवर घेऊन दुसरी बाई कितीतरी कमी पगाराचं शिक्षण घेतेय. कारण पोरं सांभाळायला तिथंही कुणी फार पैसे देत नाही. आपल्याकडे अंगणवाडीच्या ताईंना विचारा!

भाचीनं प्रत्येक वर्गाबाहेर त्या कामाचा पगार मोठ्या अक्षरांत लावला. बालसंगोपनाच्या शिक्षिका भडकल्या. “आमचा वर्ग ओस पाडायचाय का तुला?” त्यांचंही खोटं नव्हतं. वर्ग ओस पडला तर पाळणाघर बंद, आणि पाळणाघर बंद तर रात्रीचं वेल्डिंग बंद. भाचीनं पगाराचा कागद काढला नाही. त्याच्याखाली दुसरा लावला : हा कोर्स पुढे पदवीला कसा धरता येतो आणि शाळेत शिक्षिका झाल्यावर काय मिळतं.

मी होतो त्या आठवड्यात एक मुलगी ते दोन्ही कागद बराच वेळ वाचत उभी होती. भाचीनं तिला वेल्डिंगचा वर्गही दाखवून आणला. मुलीनं सगळं पाहिलं, मोजे घालून बघितले, ते नीट बसलेही, आणि परत येऊन तिनं बालसंगोपनात नाव घातलं.

“का गं?” भाचीनं विचारलं.

“मला मुलं आवडतात,” ती म्हणाली.

घरी येताना भाची गाडीत एक शब्द बोलली नाही. रात्री जेवताना मात्र तिनं मध्येच विचारलं, “मामा, अंगणवाडीच्या ताईंनी मोर्चे काढले, त्यातून पगार किती वाढला रे?”